एमईए पहिल्यांदा करताय? आधी विष पकडून दाखवा

एमईए, म्हणजे आयव्हीएफचं सामान विषारी नाही ना हे उंदराच्या भ्रूणांवर तपासण्याची चाचणी, मी शिकत होते. पहिले तीन महिने माझा एकही नमुना नापास झाला नाही. ऑइल, डिश, कॅथेटर, हातमोजे, जे येईल ते पास. ब्लास्टोसिस्ट, म्हणजे वाढून आतून पोकळ गोळा झालेले भ्रूण, नव्वद टक्क्यांच्या खाली उतरायलाच तयार नव्हते. मी खुशीत वही घेऊन आमच्या लॅबच्या मॅडमकडे गेले. त्यांनी पानं उलटली आणि एवढंच विचारलं, "अगं, पण यात विष कुठे पकडलंयस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक साधी सिरिंज माझ्या हातात ठेवली. दट्ट्याच्या टोकाचं काळं रबर काप, रात्रभर ३७ अंशांवर मीडियात, म्हणजे भ्रूण वाढवायच्या द्रवात, भिजव आणि त्या मीडियात भ्रूण वाढव, म्हणाल्या. या रबरातून भ्रूणांना बाधणारे पदार्थ उतरतात, हे आमच्या धंद्यात जुनं माहितीतलं आहे. म्हणून तर आम्ही रबर नसलेल्या सिरिंजा वापरतो. माझ्या डिशमध्ये मात्र ३० पैकी २६ भ्रूण मजेत ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचले. म्हणजे तीन महिने मी जी चाचणी करत होते, ती आंधळी होती.

ती डोळस कशी करायची, हे पुढे क्रमाने लिहिलं आहे. आयव्हीएफच्या लॅबमध्ये किंवा प्राणीगृहाला जोडलेल्या संशोधन प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी.

१. ही चाचणी काय सांगते आणि काय नाही

एमईए म्हणजे माऊस एम्ब्रियो ॲसे. उंदराचा एकपेशीय भ्रूण, म्हणजे झायगोट, डिशमध्ये ठेवायचा, तपासायच्या वस्तूशी त्याचा संपर्क आणायचा आणि ९६ तासांत तो फुगलेला ब्लास्टोसिस्ट होतो का, ते पाहायचं. टू-सेलपासून, म्हणजे दोन पेशींच्या भ्रूणापासून, सुरुवात केली तर ७२ तास. आयव्हीएफमध्ये मानवी भ्रूणाला जे जे शिवतं, त्याचे उत्पादक ही चाचणी करतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांची नियामक संस्था) १९९८ साली या साधनांचं वर्गीकरण केलं तेव्हापासून एमईए तिथल्या अपेक्षांचा भाग आहे, आणि २०२१ मध्ये त्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिकाही काढली.

मग आपण पुन्हा कशाला करायची? कारण प्रमाणपत्र लॉटचं असतं आणि बाटली आपल्या दारात पोचेपर्यंत बरंच काही घडतं. मिनरल ऑइल उजेडात आणि उष्णतेत राहिलं की त्यात पेरॉक्साइडं तयार होतात. मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात पडून राहिलेला खोका प्रमाणपत्र वाचत नाही. शिवाय चूक उत्पादनातही होते: २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत कल्चर मीडियाचे काही लॉट परत मागवले गेले, कारण त्यात मॅग्नेशियमच पुरेसं नव्हतं.

एक गैरसमज मात्र पहिल्याच दिवशी काढून टाका. ही जन्मजात व्यंगाची चाचणी नाही. भ्रूण गर्भाशयात रुजण्याआधीचे जेमतेम चार दिवस आपण बघतो. हातपाय, हृदय, मेंदू घडण्याचा काळ त्यानंतरचा. थॅलिडोमाइडने माणसाच्या बाळांचे हातपाय हिरावले, पण उंदराच्या पिलांत ते व्यंग सहसा दिसत नाही. तेव्हा "एमईए पास, म्हणजे गर्भासाठी सुरक्षित" असं वाक्य अहवालात कधीही लिहू नका. कोणी लिहून मागितलं तरीही.

२. आधी कागद

उंदराला हात लावण्यापूर्वी हे सगळं फाइलमध्ये हवं:

- प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीकडची, सीसीएसईएकडची, संस्थेची नोंदणी (जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात, समिती तीच)
- फॉर्म बी (प्राणी वापरण्याच्या परवानगीचा अर्ज) भरून संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी
- उंदीर कुठून आणले, त्याची कागदपत्रं आणि त्यांचा आरोग्य अहवाल
- प्राण्यांची आवक आणि वापर यांची नोंदवही
- स्वतःच्या प्रशिक्षणाचा दाखला

फॉर्म बीमध्ये अडकण्याची जागा एकच: प्राण्यांची संख्या. "साधारण २००" असं लिहिलंत की अर्ज परत येतो. एका फेरीला किती माद्या, वर्षाला किती फेऱ्या, प्रत्येक मादीमागे किती भ्रूण, हा हिशेब मांडा. आणि "प्राण्यांशिवाय पर्याय का नाही" या रकान्यात मानवी शुक्राणूंच्या तगण्याच्या चाचणीचा उल्लेख प्रामाणिकपणे करा. ती चाचणी खरोखरच चांगली आहे. ज्या क्लिनिककडे प्राणीगृह नाही, त्यांनी तीच करावी. पण शुक्राणूचं विभाजन होत नाही, त्यामुळे पेशीविभाजनात खोडा घालणारं विष तिथे निसटू शकतं. एवढा मुद्दा समितीला पटतो.

३. सामान

माद्यांकडून एका वेळी जास्त बीजं मिळवून देणारी पीएमएसजी आणि एचसीजी ही दोन संप्रेरकं, हाताळणीसाठी एम२ मीडिया, वाढीसाठी केएसओएम, भ्रूणाभोवतीच्या पेशी सुट्या करणारं हायल्युरोनिडेज, पास झालेलं जुनं ऑइल, ३५ मिलिमीटरच्या डिश, स्टिरिओ आणि इन्व्हर्टेड असे दोन सूक्ष्मदर्शक, बारीक कात्री, दोन चिमटे, २६ नंबरची सुई, आणि तापवून ओढलेल्या काचेच्या पिपेट.

पिपेट ओढायला शिकायला आठवडा जातो, तो जाऊ द्या. भोक भ्रूणापेक्षा थोडंच मोठं हवं. अरुंद झालं तर भ्रूण चिरडतो, रुंद झालं तर त्याच्यासोबत अर्धा थेंब दुसऱ्या डिशमध्ये जातो आणि धुण्याचा उपयोगच राहत नाही.

"पास झालेलं जुनं ऑइल" हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. तपासायची एक गोष्ट सोडली तर बाकी सगळं आधी सिद्ध झालेलं हवं. नवं ऑइल, नवी डिश आणि नवा मीडिया एकाच दिवशी आणलेत आणि भ्रूण मेले, तर दोष कोणाला देणार?

४. कुठले उंदीर?

बी६सीबीए किंवा बी६डी२ अशा संकरित एफ१ (दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी) माद्यांपासून सुरुवात करा. कित्येक वाणांचे भ्रूण डिशमध्ये टू-सेललाच अडतात. जुन्या मीडियांत तर ही मोठीच डोकेदुखी होती. संकरितांत ती अडचण येत नाही.

पण इथेच मेख आहे. संकरित भ्रूण चिवट असतात. शिकणाऱ्याला ते बरं वाटतं, कारण चुका पोटात घालतात. मग विषही पोटात घालतात. माझं मत विचाराल तर पहिले तीन महिने संकरित, हात बसला की एखादा नाजूक बहिर्जात (आउटब्रेड) वाण घेऊन तुलना करा. माद्या ४ ते ६ आठवड्यांच्या घ्या. नर एकेकटे ठेवा, एका नराकडे एकच मादी द्या आणि त्याला मध्ये विश्रांती द्या.

५. आठवडा उलटा बांधा

ब्लास्टोसिस्ट मोजायचा दिवस आधी ठरवा आणि तिथून मागे या. आमचं वेळापत्रक असं:

सोमवार, दुपारी १: पीएमएसजी, प्रत्येक मादीला ५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक), पोटात.
बुधवार, दुपारी १२: एचसीजी, ५ आययू. लगेच मादी नराच्या पिंजऱ्यात.
गुरुवार, सकाळी ८: प्लग (समागमाची खूण असलेली गुठळी) तपासणे. ९ ते १० मध्ये झायगोट गोळा करणे. १०.३० पर्यंत सगळे भ्रूण इन्क्युबेटरमध्ये.
शुक्रवार, सकाळी १०.३०: टू-सेल मोजणे.
पुढचा सोमवार, सकाळी १०.३०: ब्लास्टोसिस्ट मोजणे.

यात रविवार सुटतो, हा योगायोग नाही.

दोन इंजेक्शनांमधलं अंतर ४६ ते ४८ तासांचं. एचसीजी हे मादीचं स्वतःचं एलएच (बीज सुटायला लावणारं संप्रेरक) उसळण्याआधी पोचायला हवं, आणि ते कधी उसळेल हे प्राणीगृहातला उजेड-अंधार ठरवतो. म्हणून १२ तास उजेड, १२ तास अंधार हे चक्र पवित्र समजा. आमच्याकडे एकदा सलग दोन आठवडे एका मादीमागे पाच-सहाच भ्रूण मिळाले. संप्रेरकं बदलली, उंदीर बदलले, काही उपयोग नाही. शेवटी कळलं की वीज गेल्यावर दिव्याचा टायमर शून्यावर गेला होता आणि उंदरांची रात्र आपल्या दुपारी सुरू होत होती. तेव्हापासून टायमरच्या शेजारी वही टांगली आहे. रोज सकाळी येणारा पहिला माणूस वेळ जुळवून सही करतो.

संप्रेरकांची पावडर विरघळवल्यावर लहान लहान भाग करून गोठवा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही. उरलं तर टाकून द्या, हळहळू नका.

६. नमुना तयार करणं

वस्तू मानवी भ्रूणाला जशी भेटते, तशीच ती उंदराच्या भ्रूणाला भेटवायची.

मीडिया असेल तर त्यातच भ्रूण वाढवा. ऑइल असेल तर केएसओएमच्या थेंबांवर ते ओता. डिश असेल तर थेट त्या डिशमध्ये. कॅथेटरमधून मीडिया सोडा आणि तो मीडिया वापरा. हातमोजा, गाळणी, नळी यांचे तुकडे मीडियात ३७ अंशांवर भिजवून अर्क काढा. किती वेळ, ते वस्तूच्या खऱ्या वापरावरून ठरवा आणि लिहून ठेवा.

अर्क काढताना नवखे हटकून एक गोष्ट विसरतात: कोरा अर्क. तेवढाच मीडिया, तशाच नळीत, तेवढाच वेळ, फक्त वस्तूशिवाय. तो नसेल तर भ्रूण हातमोजामुळे मेले की रात्रभर झाकण सैल राहून मीडिया घट्ट झाल्यामुळे, हे सांगता येत नाही.

७. आदल्या संध्याकाळी डिश

बुधवारी संध्याकाळी २० मायक्रोलिटरचे थेंब मांडा, लगेच ऑइल ओता, इन्क्युबेटरमध्ये ठेवा. "लगेच" हा शब्द हसण्यावारी नेऊ नका. एवढासा थेंब उघड्यावर, त्यातही तापलेल्या पाटावर, मिनिटभर राहिला तरी पाणी उडतं आणि क्षार वाढतात. एका वेळी चार-पाच थेंब, मग ऑइल, मग पुढची डिश.

केएसओएमला कार्बन डायऑक्साइड लागतो, एम२ला लागत नाही. दोघांची अदलाबदल केलीत तर पीएच भलतीकडे जातो. पीएच ७.२ ते ७.४ मध्ये हवा आणि तो इन्क्युबेटरच्या पडद्यावरच्या आकड्यावरून नव्हे, प्रत्यक्ष मीडियात मोजायचा. पुण्याच्या लोकांनी इकडे जास्त लक्ष द्यावं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के कमी. त्यामुळे पडद्यावर तोच ५ टक्के दिसला तरी मीडियात विरघळणारा वायू कमी असतो आणि पीएच वर सरकतो. मुंबईतल्या मैत्रिणीने दिलेलं सेटिंग जसंच्या तसं लावू नका. ऑक्सिजन ५ टक्क्यांवर आणता आला तर उत्तम.

हवेचंही बघा. रंग, स्पिरिट, फिनेल, डांबरगोळ्या यांची वाफ ऑइलमध्ये मुरते. दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या खोलीला रंग लागणार असेल तर ती फेरी रद्द करा. भ्रूणांच्या दिवशी अत्तर, डिओ आणि गजरासुद्धा नको.

८. गुरुवारची सकाळ

प्लग लवकर बघा, कारण उशीर झाला की तो गळून पडतो. योनीमुखाशी पांढुरकी-पिवळसर टणक गुठळी दिसली की समागम झाला. प्लग असलेल्याच माद्या घ्या.

मादीचा शेवट मंजूर पद्धतीनेच, आणि पहिल्या वेळी शेजारी अनुभवी माणूस उभा असू द्या. हात थरथरतो. थरथरू दे, पण अर्धवट धीर करून प्राण्याला त्रास देऊ नका.

दोन्ही बीजवाहिन्या एम२च्या थेंबात ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली वेटोळ्यांमध्ये एक जागा फुगीर आणि पारदर्शक दिसते, पाणी भरलेल्या फुग्यासारखी. तीच ॲम्प्युला. चिमट्याने नळी धरा आणि सुईने त्या फुग्याला हलकीशी चीर द्या. आतला ढगासारखा पुंजका आपणहून बाहेर घरंगळतो. तो पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा मी बघतच राहिले होते आणि मॅडमनी घड्याळावर बोट आपटलं होतं.

पुंजका हायल्युरोनिडेजमध्ये टाका, ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. बाजूच्या पेशी सुट्या व्हायला लागतात. दोन-तीन मिनिटांत काम होतं. भ्रूण मोकळे झाले की उचला, जास्त वेळ ठेवलेत तर त्यांनाच इजा होते. मग एम२च्या चार-पाच थेंबांतून धुवा आणि शेवटी केएसओएममधून.

आता निवड. दोन ध्रुवपिंड (कडेला चिकटलेले बारीक गोळे) किंवा दोन केंद्रकं स्पष्ट दिसणारे, गोल, स्वच्छ भ्रूण ठेवा. तुकडे पडलेले आणि काळवंडलेले बाजूला काढा. एका मादीकडून २० ते ३० चांगले झायगोट मिळाले की गुरुवार सार्थकी लागला.

९. गट पाडणं: सगळी चाचणी इथे आहे

सगळ्या माद्यांचे भ्रूण आधी एकत्र करा आणि मग गटांत वाटा. पहिल्या मादीचे नियंत्रणात (फक्त सिद्ध झालेल्या सामानाच्या गटात), दुसरीचे नमुन्यात असं केलंत तर तुम्ही ऑइलची नव्हे, माद्यांची तुलना करत आहात.

प्रत्येक फेरीत तीन गट हवेतच. नियंत्रण, नमुना आणि विष. तिसरा गट म्हणजे मुद्दाम बिघडवलेला नमुना. ऑइल तपासत असाल तर चांगल्या ऑइलमध्ये क्युमीन हायड्रोपेरॉक्साइड वाढत्या मात्रांत मिसळा (हूडखाली आणि हातमोजे घालून, ते जहाल आहे). जी सगळ्यात कमी मात्रा तुमच्या डिशमध्ये ठरावीकपणे पकडली जाते, ती तुमच्या चाचणीची नजर. ती पुढच्या प्रत्येक फेरीत ठेवा. ज्या दिवशी विषाच्या गटात भ्रूण मजेत वाढले, त्या दिवशीचा नमुन्याचा "पास" खोडून टाका.

माझी चाचणी आंधळी का होती, तेही सांगते. मीडियात अल्ब्युमिन भरपूर होतं आणि हे प्रथिन विष चिकटवून घेतं. शिवाय मी एका थेंबात १५ भ्रूण कोंबत होते. गर्दीत भ्रूण एकमेकांना सावरतात. आता आम्ही अल्ब्युमिनऐवजी पीव्हीए (प्रथिन नसलेला कृत्रिम पर्याय) घातलेल्या मीडियात एक समांतर गट ठेवतो आणि भ्रूण एकेकटे वाढवतो. तेच रबर, तोच अर्क, पण आता निम्मेसुद्धा ब्लास्टोसिस्टपर्यंत जात नाहीत. याहून तीक्ष्ण नजर हवी असेल तर भ्रूणाचं बाहेरचं कवच, झोना, काढूनही चाचणी करतात. ते पहिल्या वर्षात नको.

गटामागे आम्ही ३० भ्रूण ठेवतो आणि तीन वेगवेगळ्या आठवड्यांत फेरी करतो.

१०. बघा कमी, मोजा नीट

इन्क्युबेटरचं दार दोनदाच उघडायचं: २४ तासांनी आणि ९६ तासांनी. उत्सुकतेपोटी शनिवारी डोकावणारे लोक मी ओळखून आहे, मीही त्यातलीच होते.

२४ तासांनी नियंत्रणातले जवळपास सगळे टू-सेल असायला हवेत. नसतील तर नमुन्याला दोष देऊ नका, तुमचा गुरुवार बिघडला होता. ९६ तासांनी फक्त पूर्ण फुगलेले, झोना पातळ झालेले आणि त्यातून बाहेर पडत असलेले मोजा. आत जेमतेम फट पडलेला ब्लास्टोसिस्ट "होईल की संध्याकाळपर्यंत" म्हणून हिशेबात धरू नका. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. डिशवर फक्त आकडे लिहा आणि दुसऱ्याकडून मोजून घ्या.

नियंत्रणात ८० टक्क्यांहून कमी ब्लास्टोसिस्ट आले तर फेरीच बाद. नमुन्यालाही हीच ८० टक्क्यांची रेघ. फक्त टक्केवारीवर मात्र भाळू नका. ३० पैकी २७ आणि ३० पैकी २४ यांतला फरक आकडेशास्त्राच्या नजरेत काहीच नाही. २७ विरुद्ध १८ हा फरक खरा. मध्ये अडकलात तर होएक्स्ट ३३३४२ या केंद्रकं उजळवणाऱ्या रंगाने रंगवून पेशी मोजा. सौम्य विष कित्येकदा ब्लास्टोसिस्ट होऊ देतं, पण त्यात पेशी कमी भरतात. वरून गुटगुटीत, आत पोकळ.

११. नापास आला तर

घाबरून पुरवठादाराला फोन लावू नका. त्याच बाटलीतून पुन्हा एक फेरी करा, त्याच लॉटची न उघडलेली दुसरी बाटली समांतर ठेवा. दोन्ही नापास, तर लॉट वाईट. फक्त उघडलेली नापास, तर आपलीच साठवण तपासा: बाटली उजेडात होती का, कोणी काळ्या रबराच्या सिरिंजने त्यातून ऑइल काढलं होतं का. आमच्याकडे एकदा हेच निघालं, आणि सिरिंज मीच ठेवली होती.

वहीत लॉट नंबर, बाटली उघडल्याची तारीख, इन्क्युबेटर क्रमांक, माद्यांची संख्या, तिन्ही गटांचे आकडे आणि मोजणाऱ्याची सही लिहा. प्रत्येक लॉटची थोडी उरलेली बाटली तारीख टाकून अंधारात जपून ठेवा. सोमवारी ब्लास्टोसिस्ट मोजून झाले की पुढच्या फेरीचं पीएमएसजी लगेच मोजून बर्फावर काढा, कारण एक वाजायला तेव्हा अडीच तासच उरलेले असतात आणि मधे जेवणाची सुट्टीही असते.